जुन्या जीपगाडीचे पाटे व तारा

शेतकऱ्याच्या घरीं बैलांची जी निगा राखली जाते, ती त्याच दारांत उभ्या असलेल्या जुन्या जीपगाडीची क्वचितच राखली जाते. बैल लंगडूं लागला तर आपण प्रथम त्याचा खूर पाहतों, गळ्यांतली घंटा बदलीत नाहीं. जीपच्या बाबतींत मात्र नेमका हाच उलटा प्रकार घडतो. दिवे मंदावले कीं दिवे बदलतात. सेल्फ फिरेना कीं नवी बॅटरी आणतात. दोन महिन्यांनीं पुन्हां तेंच झालें कीं डायनामो उतरवितात. आणि शेवटीं 'हिच्यांत आतां राम नाहीं' असें म्हणून गाडी भंगारवाल्यास वजनावर देतात. पवनानगरच्या आसपास, धरणाच्या कांठच्या वस्त्यांवर व कामशेतच्या वाटेवर, अशा रीतीनें मोडींत निघालेल्या गाड्या प्रस्तुत लेखकानें पाहिल्या आहेत. त्यांपैकीं ज्या तपासून पाहतां आल्या त्यांचा मूळ रोग दिव्यांत नव्हता आणि बॅटरींतहि नव्हता. तो खालीं, कमानीच्या पाट्यांत होता. तारांचें काम हातीं घेण्यापूर्वीं पाटे नीट करावे, आणि ह्या दोहोंच्या मध्यें इंजिन व गिअरबॉक्सपासून चासीपर्यंत जाणारी जी एक तांब्याची पट्टी असते तिची चौकशी अगत्यानें करावी, एवढेंच ह्या लेखांत सांगावयाचें आहे. परंतु तें कां व कसें, हें सविस्तर पाहिल्याशिवाय पटणार नाहीं.

जीप ही मुळांत शेतकऱ्यासाठीं बनलेली गाडी नव्हे. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेच्या सैन्याकरितां विलीज व फोर्ड ह्या कारखान्यांनीं ती १९४१ पासून लाखांच्या संख्येनें तयार केली. युद्ध संपल्यावर सैन्याजवळ उरलेल्या गाड्या आपल्या देशांतहि विक्रीस निघाल्या, आणि १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीनें विलीजच्या जीपगाड्या मुंबईस जोडावयास आरंभ केला. ही कंपनी १९४५ त 'महिंद्र अँड महंमद' ह्या नांवानें निघाली होती. फाळणीनंतर भागीदार मलिक गुलाम महंमद हे पाकिस्तानांत गेले, पुढें तेथील गव्हर्नर जनरलहि झाले, आणि इकडे १९४८ त कंपनीचें नांव बदललें. हा इतिहास येथें देण्याचें कारण असें कीं, सैन्याच्या दप्तरांत ह्या गाडीची नोंद 'पाव टनी ट्रक' अशी होती. अमेरिकन हिशेबानें पाव टन म्हणजे ५०० पौंड, अर्थात् सुमारे २२७ किलो. पक्क्या सडकेवर ह्याहून अधिक भार चालतो हें खरें. तथापि आपण तिच्यांत ५० किलोचीं पंधरा पोतीं भात भरतों, वर चार माणसें बसवितों, आणि बांधाच्या वाटेनें ती हांकतों. पाव टनाच्या गाडीस पाऊण टन ओझें घातल्यावर तिचा कणा कोठें तरी बोलणारच.

जीपच्या पुढच्या व मागच्या दोन्ही आंसांवर (ज्यांस मिस्त्री ॲक्सल म्हणतात) दोन दोन कमानी असतात. कमान म्हणजे एकाखालीं एक, क्रमानें आंखूड होत गेलेल्या पोलादी पाट्यांची जुडी. सर्वांत लांब जो पाटा, त्याच्या दोन्ही टोकांस डोळे वळविलेले असतात. एक डोळा चासीच्या आधारास खिळलेला असतो आणि दुसरा शॅकलच्या योगें टांगलेला असतो, म्हणजे कमान दाबली जाऊन लांब झाली तर तिला सरकण्यास जागा मिळते. मधोमध सेंटर बोल्ट सर्व पाट्यांतून आरपार जातो व त्याचें डोकें आंसाच्या बैठकींतील खळग्यांत बसतें. दोन यू-बोल्ट ही सर्व जुडी आंसाशीं आवळून धरतात. येथें ध्यानांत घ्यावयाचें तें असें कीं, आंस जागच्या जागीं ठेवण्याचें काम सेंटर बोल्टाच्या एवढ्याशा डोक्याचें आहे, आणि तें डोकें वांचविण्याचें काम यू-बोल्टांचें आहे. यू-बोल्ट ढिले राहिले कीं प्रत्येक ब्रेकच्या वेळीं आंस किंचित् पुढेंमागें सरकतो, आणि एके दिवशीं सेंटर बोल्ट ऊंस तुटावा तसा तुटतो. मग गाडी तिरपी चालूं लागते.

पाटे बसले किंवा मोडले म्हणजे काय होतें? आंस वर येऊन चासीच्या रबरी ठोकळ्यावर आपटूं लागतो. प्रत्येक खड्ड्याचा धक्का मग कमानींत न जिरतां थेट चासीस बसतो. चासीवर टांगलेल्या तारा, बॅटरीची पेटी, डायनामोवरील स्क्रू, दिव्यांचीं बुडें, ह्या सर्वांस तो धक्का मैलोगणती सोसावा लागतो. तांब्याची तार एकदां वांकविली तर तुटत नाहीं. पण एकाच जागीं हजारों वेळां हलली तर ती आंतल्या आंत एक एक तंतु करून तुटते. वरचें आवरण शाबूत दिसतें आणि आंत प्रवाह दोन-तीन तंतूंवर अडून राहतो. ह्यालाच आपण 'तारेंत दोष आला' असें म्हणतों. दोष तारेंत येतो खरा, पण तो खालून पाठविलेला असतो. म्हणून पाटे तसेच ठेवून नव्या तारा घालणें म्हणजे गळक्या छपराखालीं नवें धान्य भरून ठेवण्यासारखें आहे.

आतां पाट्यांवरचा एक प्रचलित उपाय, आणि तो अपाय कसा ठरतो तें पाहूं. गाडी बसली कीं पुष्कळ जण कमानींत आणखी पाटे घालवितात, व पाटे मिळाले नाहींत तर एखाद्या मोठ्या ट्रकचा जाड पाटा कापून बसवितात. पाट्यांची संख्या वाढविल्यानें ताठपणा त्याच मानानें वाढतो. आठांचे नऊ केले तर सुमारें एक-अष्टमांश. परंतु जाडीची गोष्ट निराळी आहे. पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणांत वाढतो. ६ मिलिमीटरचा पाटा काढून तितक्याच लांबीरुंदीचा ८ मिलिमीटरचा घातला, तर तो सव्वादोन पटींहून अधिक ताठ होतो (८ चा घन ५१२, ६ चा घन २१६, हा भागाकार वाचकांनीं स्वतः करून पाहावा). असा एक पाटा इतर पाट्यांबरोबर वांकत नाहीं. तो एकटाच सर्व ओझें अंगावर घेतो, शेजारच्यांस रिकामे ठेवतो, आणि कमानीच्या आधाराजवळ चासीला तडा पाडतो. रिकाम्या गाडींत बसणाराचीं हाडें खिळखिळीं होतात तीं वेगळींच. ओझें नेहमींच जास्त असेल तर त्यास ट्रॉली हाच उपाय आहे, जाड पाटा नव्हे.

दुरुस्तीचा आरंभ मोजणीनें करावा. तीस वर्षें महसूल खात्यांत काढलेल्या माणसाचा हा पक्षपात म्हणा, पण मोजणी न करतां फेरफार घालूं नये ही रीत येथेंहि उपयोगी पडते. गाडी रिकामी करून सपाट जागेवर, सारवलेल्या खळ्यासारखी दुसरी जागा नाहीं, उभी करावी. चारहि चाकांत हवा सारखी भरावी, नाहींतर सर्व मापें खोटीं येतात. मग चारहि ठिकाणीं आंसापासून वरच्या रबरी ठोकळ्यापर्यंतचें अंतर मोजून कागदावर लिहावें. डाव्या-उजव्यांत अर्ध्या इंचाहून अधिक फरक दिसला तर खालच्या बाजूची कमान थकली किंवा तिचा पाटा मोडला असें समजावें. त्यानंतर ओळंबा घेऊन पुढच्या व मागच्या आंसांच्या टोकांचे मध्य जमिनीवर उतरवावे, आणि दोन्ही बाजूंचें अंतर ताडून पाहावें. जुन्या लहान जीपमध्यें हें अंतर सुमारें ८० इंच असतें. तें किती आहे ह्यापेक्षां दोन्ही बाजूंस सारखें आहे कीं नाहीं हेंच महत्त्वाचें. पाव इंचाहून जास्त फरक निघाला तर सेंटर बोल्ट तुटलेला असावा किंवा चासी वांकलेली असावी. शेवटीं गाडीचा एकेक कोपरा हातानें दाबून सोडावा. दीडदां हलून ती स्थिर झाली तर शॉकअप ठीक आहे. झोपाळ्यासारखी हलत राहिली तर शॉकअप गेला. शॉकअप गेलेल्या गाडींत नवी कमानहि लवकर मोडते, कारण ती वर उसळतांना तिला आवरणारें कोणी नसतें.

उघडण्याचें काम करतांना जीव धोक्यांत घालूं नये. जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणी शिरूं नये. चासीखालीं मजबूत लोखंडी घोड्या किंवा रुंद लांकडी ओंडके रचावे, व जमिनीवर राहिलेल्या चाकांच्या पुढेंमागें दगड लावावे. विटा रचूं नयेत, त्या सूचना न देतां फुटतात. यू-बोल्टांच्या आट्यांवर आदल्या रात्रीं रॉकेल किंवा डिझेल सोडून ठेवलें म्हणजे सकाळीं नट सुटतात. एका वेळीं एकच कमान उतरवावी. दुसऱ्या बाजूची तशीच असली म्हणजे जोडतांना नमुना डोळ्यांपुढें राहतो.

जुन्या जीपच्या शॅकलांविषयीं विशेष सांगणें भाग आहे, कारण येथें चांगले मिस्त्रीहि फसतात. पुढच्या काळांतील गाड्यांत रबरी बुश आले. पण जुन्या नमुन्यांत इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची शॅकल असून तिच्या दोन्ही टांगांवर आटे पाडलेले असतात, व त्यांवर लोखंडी बुश फिरवून बसवितात. कांहीं ठिकाणीं हे आटे उलटे, म्हणजे डाव्या हाताचे असतात. बुश सुटत नाहीं म्हणून लांब पाईप लावून जोर करण्यापूर्वीं तो कोणत्या दिशेनें सुटणारा आहे हें खुणांवरून व आट्यांच्या उतारावरून पाहावें. परत बसवितांना दोन्ही बुश शॅकलवर सारखेच खोल जावे. एक पूर्ण आंत व दुसरा चार आट्यांवर लटकत असा बसविला तर तो पहिल्याच हंगामांत उखडतो. बसविल्यावर शॅकल हातानें हलली पाहिजे. ताठ अडकली असेल तर कमान लांबूं शकत नाहीं, आणि मग पाटा डोळ्याजवळ मोडतो. ह्या बुशांना ग्रीस हेंच जीवन. आपल्याकडे लोणावळ्यास वर्षांत चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो व पवनेच्या खोऱ्यांतहि तो कांहीं थोडा पडत नाहीं. भातखाचरांतला बारीक गाळ आट्यांत शिरला म्हणजे तो कानशीसारखा काम करतो. चिखलांतून गाडी आली कीं धुवून ग्रीस गननें जुना चिखल बाहेर येईपर्यंत ग्रीस मारावें. मात्र गाडींत रबरी बुश असतील तर त्यांस तेल-ग्रीस लावूं नये, रबर फुगून कुजतें. आणि अशा रबरी बुशांचे बोल्ट शेवटचे आवळावयाचे ते गाडी चाकांवर उतरवून, तिचें वजन कमानींवर आल्यानंतरच. अधांतरीं आवळले तर रबर कायमचें पिळलेलें राहतें.

बसलेले पाटे लोहाराकडे नेऊन पुन्हां बांक देवविणें ही आपल्याकडील जुनी चाल आहे. ती अगदींच त्याज्य नाहीं, पण तिच्यांत एक मेख आहे. कमानीचें पोलाद हें उष्णतेच्या विशिष्ट संस्कारानें लवचीक केलेलें असतें: लालबुंद तापवून तेलांत विझवावयाचें, आणि पुन्हां त्याहून कमी आंचेवर तापवून त्याचा ठिसूळपणा घालवावयाचा. लोहारानें पाटा भट्टींत लाल केला, वांकविला, आणि जमिनीवर टाकून निवूं दिला, तर तो संस्कार नाहींसा होऊन पाटा मऊ लोखंडासारखा होतो. दिसावयास कमान सुरेख उभी राहते, आणि चार फेऱ्यांत पुन्हां बसते. म्हणून बांक द्यावयाचा तर थंड पाट्यास, हळूहळू, ठोके किंवा दाब देऊन द्यावा. अथवा जेथें तेल-विझवणीची सोय आहे अशा शहरांतील कमानीच्या कारागिराकडूनच करवून घ्यावा. मोडलेल्या पाट्यास वेल्डिंग करूं नये. तें सांध्याला लागूनच पुन्हां मोडतें, आणि तेंहि उतारावर, ओझें भरलेलें असतांना. दोन्ही बाजूंच्या कमानी शक्यतों जोडीनें बदलाव्या, एक नवी व एक जुनी ठेवल्यास गाडी एका अंगावर झुकते.

कमानी बसवून झाल्यावर ब्रेकच्या रबरी नळ्या अवश्य पाहाव्या. जुन्या जीपमध्यें चारहि चाकांचे ब्रेक एकाच तेलाच्या वाटेवर असतात. एक नळी फुटली तर चारहि चाकांचे ब्रेक एकदम जातात. कमान बसलेली असतांना ही नळी आंसाशीं घासलेली असण्याचा संभव असतो, आणि कमान उंच केल्यावर ती ताणली जाण्याचा. गाडी उचलून आंस पूर्ण खालीं लोंबूं द्यावा, तेव्हांहि नळीस थोडी ढील उरली पाहिजे. पुढचें चाक दोन्हीकडे पुरें वळवूनहि पाहावें.

आतां त्या तांब्याच्या पट्टीकडे येऊं. मोटारगाडींत प्रत्येक दिव्यास दोन तारा नसतात. एकच तार जाते, आणि परतीची वाट गाडीच्या लोखंडांतून असते. बॅटरीचें एक टोक चासीस जोडलेलें असतें, त्यालाच अर्थ म्हणतात. परंतु इंजिन व त्यास जोडलेला गिअरबॉक्स हे चासीवर रबरी बैठकींवर ठेवलेले असतात, नाहींतर त्यांची थरथर सर्व गाडींत पसरेल. रबरांतून वीज जात नाहीं. म्हणून त्या दोहोंपैकीं एकापासून चासीपर्यंत तांब्याच्या तंतूंची विणलेली एक पट्टी लावलेली असते. सेल्फ फिरवितांना जो दीडशें अँपिअरपर्यंतचा प्रवाह वाहतो, त्याची परत येण्याची वाट ही एकच. ती गाडीच्या पोटाखालीं, चिखलाच्या माऱ्यांत असते. गिअरबॉक्स उतरविणारा ती सोडतो आणि जोडतांना पुष्कळदां विसरतो. आणि ती नाहीं हें कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं, कारण गाडी तरीहि कशीबशी सुरू होते.

ती सुरू कशी होते, हेंच समजून घेण्यासारखें आहे. वाट बंद झाली तरी वीज दुसऱ्या वाटा शोधते. चोकची तार, ॲक्सिलरेटरचे दांडे, मीटरची केबल, हातब्रेकची केबल, ह्यांतून ती चासीकडे परतते. इतकेंच नव्हे, तर गिअरबॉक्समधून प्रोपेलर शाफ्ट, त्याच्या क्रॉसांतील सुयांसारखे बेअरिंग, मग आंस, मग कमानीचे पाटे व शॅकल, अशा लांबच्या वळणानेंहि ती चासीस मिळते. जीं अंगें ओझें वाहण्याकरितां केलीं, तीं तारेचें काम करूं लागतात. परिणामीं चोकची तार तापून तिचें आवरण वितळतें, केबली आंतून चिकटतात, बेअरिंगांवर ठिणग्यांचे बारीक खळगे पडतात. सेल्फ मारतांना डॅशबोर्डाजवळ धुराचा वास आला, किंवा चोकची मूठ हातास गरम लागली, तर दुसरें कांहीं उघडण्यापूर्वीं ही पट्टी पाहावी. ह्याच कारणानें खराब झालेल्या केबली पुन्हां पुन्हां बदलणारे लोक आहेत, आणि पट्टीची किंमत त्या एका केबलीहूनहि कमी असते.

परीक्षा सोपी आहे. व्होल्टमीटरची एक तार बॅटरीच्या अर्थ केलेल्या टोकास व दुसरी गिअरबॉक्सच्या उघड्या धातूस लावावी, आणि दुसऱ्याकडून सेल्फ फिरवावा. बारा व्होल्टच्या गाडींत कांटा अर्ध्या व्होल्टाच्या आंत राहिला पाहिजे, सहा व्होल्टच्या गाडींत पाव व्होल्टाच्या आंत. अधिक दाखविला तर वाटेंत अडथळा आहे. एका ओहमचा शंभरावा हिस्सा एवढाच अडथळा असला तरी दीडशें अँपिअरला तो दीड व्होल्ट गिळतो. सहांतून दीड गेल्यावर साडेचार व्होल्टांत सेल्फ काय फिरणार? दोष बॅटरीचा नसतांना नवी बॅटरी येते ती अशी. पट्टी नवी लावतांना दोन्ही टोकांखालचा रंग व गंज पॉलिशपेपरनें घासून धातु चमकता करावा, बोल्ट आवळावा, आणि वरून ग्रीसचा हात द्यावा. पट्टीला ढील ठेवावी, कारण इंजिन हलतें व चासी हलत नाहीं. अशीच एक तार मागच्या दिव्यांच्या बुडापासून चासीपर्यंत स्वतंत्र घातली तर, ब्रेक दाबला कीं दुसराच दिवा मंद होण्याचा जो चमत्कार दिसतो, तो बंद होतो.

अर्थ बॅटरीच्या कोणत्या टोकास आहे हें मात्र गृहीत धरूं नये. जीपमध्यें तो ऋण टोकास असतो. पण त्याच काळांतील विलायती घडणीच्या कित्येक गाड्यांत धन टोकास होता. बॅटरी सोडतांना अर्थचें टोक प्रथम सोडावें व जोडतांना शेवटीं जोडावें. असें केल्यानें पान्हा चुकून चासीस लागला तरी ठिणगी पडत नाहीं. पेट्रोलची टांकी जुन्या जीपमध्यें पुढील बैठकीखालींच असते, हें ज्यानें ध्यानांत ठेवलें त्यास ठिणगीची भीति निराळी सांगावी लागत नाहीं.

उरल्या तारांचें काम नकाशावांचून करूं नये. गांवचा नकाशा नसतांना हद्दीचे दगड हलविले तर पुढें काय होतें तें आपण जाणतांच. प्रत्येक तार कोठून निघते व कोठें जाते हें कागदावर काढावें, दोन्ही टोकांस एकाच आंकड्याच्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या बांधाव्या, आणि मगच जुनी तार ओढावी. एकदम सर्व जुडगा न काढतां एकेक तार बदलली तर नवशिक्यालाहि हें काम जमतें. चासींतील ज्या ज्या भोंकांतून तार जाते तेथें रबरी कडी हवी. आंसाजवळून किंवा चासीवरून गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या तारेस, जसें मागाहून बसविलेल्या रिव्हर्स दिव्याच्या स्विचची तार, एक सैल वेढा द्यावा. तारा पिळून वर चिकटपट्टी गुंडाळण्याची पद्धत सोडावी. पावसाळ्यांत त्या पट्टीखालीं पाणी शिरतें व तांबें हिरवें पडतें. टोकास पितळी लग दाबून बसवावा. डाख दिला तर तारेचा जो भाग डाखानें ताठ होतो त्याच्या सीमेवर ती मोडते, म्हणून तेथून इंचभराच्या आंत तिला क्लिपचा आधार द्यावा. जुन्या गाडींत फ्यूज एखाददुसराच असतो. सेल्फची जाड केबल सोडून बॅटरीकडून येणाऱ्या इतर मुख्य तारेवर एक फ्यूज अवश्य घालावा.

तारेची जाडी ठरवितांना गाडी सहा व्होल्टची आहे कीं बारा व्होल्टची, हें पाहावें. ४५ वॅटचे पुढचे दोन दिवे बारा व्होल्टांवर साडेसात अँपिअर घेतात, सहावर पंधरा. दीड चौरस मिलिमीटरची पांच मीटर तार ह्या पंधरा अँपिअरांतून जवळजवळ ०.८५ व्होल्ट वाटेंतच खाते, म्हणजे सातवा हिस्सा. आणि दिव्याचा उजेड व्होल्टापेक्षां पुष्कळ वेगानें घटत असल्यामुळें तो सुमारें सहा-दशांशावर येतो. बाजारांत मिळणारी बारा व्होल्टची तयार जुडी सहा व्होल्टच्या गाडीस घातली म्हणजे नव्या तारांवरहि दिवे मिणमिणतात तें ह्यामुळें.

कागदपत्रांविषयीं दोन शब्द. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असून पुढें ती पांच पांच वर्षांनीं, गाडी तपासून, नवी करून घ्यावी लागते. पाटे, ब्रेक व दिवे ह्यांची दुरुस्ती त्या तपासणीपूर्वींच व्हावी. केंद्र सरकारनें १५ जुलै २०२१ रोजीं पन्नास वर्षांवरील गाड्यांकरितां 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम काढले. मूळ स्वरूपांत राखलेल्या गाडीस 'व्हीए' अक्षरांचा क्रमांक मिळतो, नव्या नोंदणीस २०,००० रुपये शुल्क असून ती दहा वर्षें चालते. मान मोठा आहे. परंतु अशी गाडी प्रदर्शन, शर्यतफेरी, दुरुस्ती, इंधन भरणें अशा कारणांखेरीज नित्याच्या वापरांत रस्त्यावर आणतां येत नाहीं व तिनें धंदा करतां येत नाहीं. ज्याला जीपमधून खतें व भाजी न्यावयाची आहे त्यानें ह्या नोंदणीच्या मोहांत पडण्यापूर्वीं ही अट वाचावी; ज्याची गाडी आजोबांची आठवण म्हणून पडवींत उभी आहे त्यास ती सोईची आहे.

काम पुरें झाल्यावर शंभरएक किलोमीटर चालवून यू-बोल्ट पुन्हां आवळावे, कारण नवे पाटे एकमेकांवर बसले कीं ते हमखास ढिले होतात. मग आरंभीं लिहिलेल्या मापांचा कागद काढून चारहि अंतरें पुन्हां मोजावीं व तारीख घालून त्याच कागदावर लिहून ठेवावीं. आषाढ-श्रावणांत गाडी बंद राहणार असेल तर बॅटरी उतरवून घरांत कोरड्या फळीवर ठेवावी, व गाडी भाताच्या कणग्यांजवळ उभी करूं नये. उंदीर आधीं पेंढ्यासाठीं येतात आणि मग तारांच्या आवरणावर दांत घासतात. तशी उभी केलीच असेल, तर दसऱ्यास पूजा करण्यापूर्वीं बॉनेट उघडून तारा पाहाव्या, आणि मगच बॅटरी जोडावी.